सोलापूरच्या गच्चीवरचे टोमॅटो : ग्रो बॅगांचा आठ महिन्यांचा अनुभव

श्रावण संपता संपता मी १५ बाय १५ इंचाच्या बारा ग्रो बॅगा, म्हणजे झाडं लावायच्या पिशव्या, घेतल्या. बाहेरून पांढऱ्या, आतून काळ्या, जाड एचडीपीई प्लास्टिकच्या. आता एप्रिल चालू आहे आणि पारा चाळिशीच्या पुढे गेलाय. या बॅगांनी पावसाळ्याचा शेवट, थंडी आणि उन्हाळ्याची सुरुवात असं सगळं पाहिलंय, त्यामुळे आता लिहायला हरकत नाही.

मला त्यांच्यात फक्त टोमॅटो लावायचे होते. बाजारातला टोमॅटो दिसायला लालभडक असतो, पण चिरला की आत पांढरट निघतो. याचा मला कंटाळा आला होता.

बियाणं अर्का रक्षकचं घेतलं. बेंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचा हा संकरित वाण पर्णगुच्छ, जिवाणूजन्य मर आणि लवकर येणारा करपा या तिन्ही रोगांना तोंड देतो. गणपतीत रोपं टाकली, घटस्थापनेला बॅगांत लावली. आपल्याकडची नुसती काळी माती भरू नका. ती भिजली की चिखल होते आणि वाळली की दगड. मी लाल माती, गांडूळखत आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) मिसळलं, वर मूठभर निंबोळी पेंड. पाऊण भरलेली ओली बॅग सहज ३५ किलोची होते. म्हणून बॅगा गच्चीच्या मध्यावर न ठेवता कठड्याच्या कडेनं, भिंतीच्या डोक्यावर येतील अशा मांडल्या. जागा आधीच ठरवा, नंतर हलवणं फार जड जातं. मला ते कळलं तोवर दोन बॅगांचे कान (उचलायच्या पट्ट्या) शिलाईतून उसवले होते. विकणाऱ्याला फोटो पाठवले, उत्तर आलं नाही.

झाडं बांधायला शेजारच्यांनी यंत्रमागावरचं उरलेलं सूत दिलं. सुतळीपेक्षा ते कितीतरी चांगलं, कारण मऊ असतं आणि खोडाला काचत नाही. दर आठवड्याला बगलफूट, म्हणजे पानाच्या बगलेतून फुटणारे कोंब, काढत होते. ते काम झालं की बोटं हिरवी-पिवळी होतात आणि साबण लावला की तो डाग आणखी गडद दिसतो. त्या पाल्याचा वास मला आता ओळखीचा झालाय. हात धुतल्यावरही तो मागे राहतो आणि मला तो आवडतो.

दिवाळीत झाडं फुलांनी भरली. सकाळी दहाच्या सुमारास मी काठीनं बांबूवर हलकेच टिचकी मारायचे. टोमॅटोच्या फुलात नर-मादी एकत्रच असतात, थोडा हादरा बसला की परागीभवन होतं.

खरी परीक्षा पाण्याची. आमच्याकडे नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतं. थंडीत एका बॅगेला रोज दोन लिटर, म्हणजे बारा बॅगांना २४ लिटर लागतं. पाच दिवसांचं १२० लिटर होतं, म्हणून २०० लिटरचं एक पिंप फक्त झाडांसाठी ठेवलं. तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई सुरू झाली आणि आम्ही तीन दिवस लातूरला गेलो. परत आले तर माती बॅगेपासून सुटलेली आणि पानं मान टाकलेली. जीव कळवळला, म्हणून बादल्याच्या बादल्या ओतल्या. आठ-दहा दिवसांत लिंबाएवढ्या फळांचे बुडखे काळे पडू लागले. मी रोग समजून निंबोळी अर्क फवारला. पण तो रोग नव्हताच. पाणी कधी कमी, कधी जास्त झालं की मातीत चुना (कॅल्शियम) असूनही तो फळाच्या टोकापर्यंत पोचत नाही, म्हणून बूड सडतं. पाच झाडांचा पहिला घोस खुडून टाकावा लागला. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

मग गावाकडून उसाचं पाचट मागवलं आणि चार बोटं जाडीचा थर दिला. पाणी सकाळी एक लिटर, संध्याकाळी एक लिटर असं वाटून द्यायला लागले. पुढच्या घोसांना बुडाचा डाग आला नाही. या बॅगांत टोमॅटो लावणार असाल तर आधी पाचटाची सोय करा.

पाण्याच्या टाकीच्या सावलीतलं झाड त्या तीन दिवसांतही तगलं होतं. पहिला टोमॅटो त्याच्यावरच पिकला, तोही चंपाषष्ठीला. देठाच्या मध्यावर एक गाठ असते. तिच्यावर अंगठा ठेवून फळ वर उचललं की टक्‌ आवाज करून ते सुटतं, ओढावं लागत नाही. मी ते चिरायला निघाले तर सासूबाई म्हणाल्या, “अगं थांब, आधी देवापुढं ठेव.” भरीत-रोडग्याच्या नैवेद्याशेजारी तो ठेवला. दुपारी त्याच्या आठ फोडी केल्या, घरातल्या प्रत्येकाला दोन. आत पाणीदार गर, आंबट-गोड, साल पातळ. मुलगा म्हणाला, “आई, मीठ नको लावू.”

बुलबुल टोचायला लागल्यावर मी फळाचा रंग फिरला की तोडून घरात, टोपलीत पिकवायला लागले. चवीत मला फरक जाणवला नाही. संक्रांतीच्या सुमारास, आमच्या गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत रोज वाटीभर निघत होते. मार्चअखेर दहा झाडांचे २६ किलो झाले, वहीत लिहून ठेवलंय. दोन झाडं पांढऱ्या माशीनं गेली, पानं आवळून चुरगळली. हिरवे उरले त्यांची शेंगदाणे घालून चटणी केली, ज्वारीच्या भाकरीबरोबर.

मार्चपासून फुलं येतात आणि गळतात. दिवसा पस्तिशीच्या पुढे आणि रात्रीही उकाडा असला की टोमॅटो फळ धरत नाही. खत वाढवून उपयोग नाही, तो खर्च करू नका.

बॅगांचं म्हणाल तर तळ आणि भोकं अजून शाबूत आहेत, मुळं गुदमरली नाहीत. पश्चिमेकडच्या चार बॅगांची वरची कड मात्र उन्हानं ठिसूळ झालीय, नखानं भुगा पडतो. जड पाण्यामुळे बाहेरून पांढरे क्षारही धरलेत. पुढच्या वेळी दुहेरी शिलाईच्या आणि कान तळापर्यंत शिवलेल्याच घेईन. त्याच मातीत लगेच टोमॅटो, वांगी किंवा मिरची नको, म्हणून परवा आठ बॅगांत गवार टोचली. उरलेल्या चार सावलीला ओढल्यात. टाकीच्या शेजारची बॅग मात्र जागची हलवली नाही.