एआय चॅटबॉटकडे जाण्याच्या सहा वाटा: खान्देशातल्या वापरकर्त्यांसाठी एकेकीची तपासणी

चॅटजीपीटीसारखा चॅटबॉट चालतो कंपनीच्या सर्व्हरवर, म्हणजे तिच्या दूरच्या मोठ्या कॉम्प्युटरवर. तुमच्या फोनवर फक्त प्रश्न टाइप होतो आणि उत्तर उमटतं. त्यामुळे गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘चॅटजीपीटी प्रो, फुल व्हर्जन, फ्री’ अशा नावाने जी फाइल फिरते, तिच्यात चॅटजीपीटी नसतोच. तो फाइलमध्ये मावणारा प्रकार नाही. मग फाइलमध्ये काय असतं, ते पुढे येईलच. आधी सरळ वाटा पाहू. जळगावात फायबर असो की धडगावात ये-जा करणारं नेटवर्क, तपासण्याची रीत एकच आहे.

ब्राउझर: दहापैकी नऊ

हीच वाट पहिली धरावी. चार पत्ते वहीत लिहून ठेवा. ओपनएआयच्या चॅटबॉटचा पत्ता चॅटजीपीटी डॉट कॉम, गुगलचा जेमिनी डॉट गुगल डॉट कॉम, अँथ्रोपिकचा क्लॉड डॉट एआय आणि मायक्रोसॉफ्टचा कोपायलट डॉट मायक्रोसॉफ्ट डॉट कॉम. स्पेलिंगही लिहा. चॅटजीपीटी म्हणजे सी-एच-ए-टी-जी-पी-टी, मध्ये आडवी रेघ नाही, मागे-पुढे ‘प्रो’, ‘ऑनलाइन’ किंवा ‘इंडिया’ नाही.

पत्ता थेट वरच्या पट्टीत टाइप करा, शोधत बसू नका. शोधलं की यादीच्या डोक्यावर ‘प्रायोजित’ अशी बारीक खूण असलेल्या जाहिराती येतात, आणि नकली पानं नेमकी तिथेच पैसे देऊन जागा घेतात. पत्ता वाचायचीही रीत आहे. सुरुवातीचं ‘https://’ दिसत असेल तर ते सोडून पहिली तिरपी रेघ शोधा आणि तिच्या अलीकडचे शेवटचे दोन तुकडे वाचा. ते ‘गुगल डॉट कॉम’ असतील तर पान गुगलचं. ‘गुगल-एआय डॉट कॉम’ असेल तर ते भलत्याच कोणाचं, पुढे ‘जेमिनी’ लिहिलेलं असलं तरी. कुलपाच्या चित्रावर विसंबू नका. त्याचा अर्थ एवढाच की मधल्या वाटेत कोणी डोकावत नाही, पलीकडे चोर बसला असला तरी कुलूप दिसतंच. क्रोमने डेस्कटॉपवरून हे चिन्ह सप्टेंबर २०२३ मध्ये काढून टाकलं, ते याच गैरसमजामुळे.

पान उघडलं की क्रोमचे तीन ठिपके दाबून ‘होम स्क्रीनवर जोडा’ निवडा. ॲपसारखंच आयकॉन मिळतं आणि पुन्हा पत्ता टाइप करायला लागत नाही, म्हणजे स्पेलिंग चुकून भलत्या साइटवर जाण्याचा धोकाही संपतो. चॅटजीपीटी एप्रिल २०२४ पासून लॉगिन न करताही वापरता येतं. ज्याला फक्त चाखून बघायचंय, त्याने ईमेलसुद्धा देऊ नये. एक गुण कापला तो बोलून वापरण्याच्या सोयीसाठी, ती ॲपमध्ये जास्त चांगली आहे.

प्ले स्टोअर: आठ, पण डोळे उघडे ठेवून

चॅटजीपीटीचं अँड्रॉइड ॲप जुलै २०२३ मध्ये आलं, आणि भारत पहिल्या चार देशांत होता. सेवा मात्र ३० नोव्हेंबर २०२२ पासून गाजत होती. मधल्या आठ महिन्यांत तशाच हिरव्या-काळ्या आयकॉनची नकली ॲप्स स्टोअरमध्ये ठाण मांडून बसली. त्यांतली कित्येक गेली, पण ती जात संपलेली नाही.

नावाखालची बारीक ओळ वाचा, तिथे बनवणाऱ्याचं नाव असतं. चॅटजीपीटीखाली ओपनएआय, जेमिनीखाली गुगल एलएलसी, कोपायलटखाली मायक्रोसॉफ्ट कॉर्पोरेशन, क्लॉडखाली अँथ्रोपिक. त्या नावावर बोट ठेवलं की त्याच कंपनीची बाकीची ॲप्स दिसतात. तिथे टॉर्च, क्यूआर स्कॅनर आणि वॉलपेपर निघाले तर परत फिरा. सगळ्यांत पक्की युक्ती म्हणजे आधी अधिकृत साइट उघडायची आणि तिथल्या दुव्यावरून स्टोअरमध्ये जायचं.

‘एआय चॅट’, ‘आस्क एआय’ अशा सामान्य नावांची जी ॲप्स मिळतात, ती सगळी व्हायरस नसतात. बरीचशी मूळ कंपनीकडून सेवा विकत घेतात आणि आपल्याला चढ्या भावात विकतात. तीन दिवस फुकट, मग दर आठवड्याला पैसे. तीन दिवसांच्या चाचणीसाठी यूपीआय ऑटोपे, म्हणजे दरवेळी आपोआप पैसे कापण्याची परवानगी, मंजूर करायला लावतात, आणि माणसाला वाटतं ॲप काढून टाकलं की संपलं. संपत नाही. प्ले स्टोअरमध्ये आपल्या फोटोवर दाबून ‘पेमेंट आणि सदस्यत्वे’ मधून सदस्यत्व रद्द करावं लागतं. यूपीआय ॲपमधली ऑटोपेची यादीही एकदा उघडून पाहा, विसरलेल्या दोन-चार गोष्टी तिथे सापडतातच.

व्हॉट्सॲपमधलं मेटा एआय: सहा

जून २०२४ मध्ये भारतात आलं, काहीच इन्स्टॉल करावं लागत नाही, म्हणून सोयीला पुरे गुण. पण घरच्यांशी केलेल्या चॅटचं जसं एंड-टू-एंड संरक्षण असतं, तसं इथल्या प्रश्नोत्तरांना नाही. मेटा एआयचं निळं वर्तुळ डीपीला लावून +९१ च्या एखाद्या नंबरवरून कोणी ‘मी एआय सहायक’ म्हणत असेल, तर तो मेटा एआय नाही. ब्लॉक करा.

व्हॉट्सॲपवर आलेली एपीके: शून्य

एपीके म्हणजे अँड्रॉइड ॲप इन्स्टॉल करणारी फाइल. लग्नपत्रिका, ई-चलान, पीएम किसान या नावांनी ज्या एपीके फाइली फिरल्या, त्याच साच्यातली ही फाइल. वरचं नाव तेवढं बदललंय. घडतं असं.

फाइलवर बोट ठेवलं की फोन आधी स्वतःच अडवतो: या स्रोतावरून अज्ञात ॲप्स इन्स्टॉल करायला परवानगी नाही. खाली ‘सेटिंग्ज’ असं बटण येतं. तिथली खिट्टी चालू केली की पहिलं दार उघडलं. ॲप उघडतं, चॅटजीपीटीचा लोगो दिसतो आणि लगेच ‘अपडेट आवश्यक’ अशी पाटी. ते अपडेट म्हणजे प्रत्यक्षात दुसरं ॲप. खरा माल त्यात असतो, आणि पहिलं फक्त वाहक. हे दुसरं ॲप तीन परवानग्या मागतं: एसएमएस, फोन आणि ॲक्सेसिबिलिटी.

एसएमएस कशाला? यूपीआय नोंदणीत तुमच्या सिमवरून बँकेकडे एक मेसेज जातो आणि खातं त्या फोनशी बांधलं जातं. ओटीपीही तिथेच येतो. मेसेज वाचता आणि पाठवता आले की चोराला तुमचा फोन हातात घ्यायची गरज उरत नाही. ॲक्सेसिबिलिटी ही दृष्टिहीनांसाठी केलेली सोय, तिच्यामुळे ॲपला स्क्रीनवरचं सगळं वाचता येतं आणि तुमच्या वतीने बटणंही दाबता येतात. चॅटबॉटला या दोहोंचं काडीचं काम नाही. तो फार तर मायक्रोफोन, कॅमेरा आणि सूचनांची परवानगी मागेल.

गुगलने भारतात प्ले प्रोटेक्टमध्ये, म्हणजे फोनमधल्या ॲप्स तपासणाऱ्या पहारेकऱ्यात, अशी सोय आणली आहे की बाहेरून आलेलं ॲप या नाजूक परवानग्या मागत असेल तर इन्स्टॉल होतानाच रोखलं जातं. म्हणूनच फाइलसोबत ‘आधी प्ले प्रोटेक्ट बंद करा’ असा व्हिडिओ येतो. तो आला की वेगळा पुरावा शोधायला नको.

फाइल टाकून झालीच असेल तर क्रम पाळा. डेटा आणि वायफाय बंद करा, नव्हे, एअरप्लेन मोडच लावा. दुसऱ्या फोनवरून बँकेला आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, आणि सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार नोंदवा. इथे घाई महत्त्वाची, कारण रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात घालून दिलेल्या नियमाप्रमाणे ग्राहकाच्या निष्काळजीपणाने पैसे गेले तरी बँकेला कळवल्यानंतरचं नुकसान बँकेवर असतं. कळवण्याआधीचं तुमच्यावर. तक्रारीचा क्रमांक आणि वेळ लिहून घ्या.

मग फोन सेफ मोडमध्ये, म्हणजे बाहेरून टाकलेली ॲप्स बंद ठेवून, सुरू करा. बहुतेक फोनवर पॉवर बटण दाबून ‘पॉवर ऑफ’ वर बोट धरून ठेवलं की तो पर्याय येतो. ॲक्सेसिबिलिटी आणि डिव्हाइस ॲडमिन या दोन्ही याद्यांतून त्या ॲपचा हक्क काढा, नाहीतर ‘अनइन्स्टॉल’ चं बटण राखाडीच राहतं. आयकॉन दिसत नसेल तर गोंधळू नका, ही ॲप्स स्वतःला लपवतात. सेटिंग्जमधल्या ॲप्सच्या पूर्ण यादीत ते असतं, कधी कधी नावाशिवाय. ॲप निघालं की एअरप्लेन मोड काढा आणि *#२१# लावून कॉल फॉरवर्ड झालाय का ते पाहा, झाला असेल तर ##००२# ने सगळे रद्द होतात. शेवटी फोनमधले फोटो दुसरीकडे उतरवून घेऊन फॅक्टरी रीसेट, म्हणजे फोन कोरा करणं. पासवर्ड आणि पिन बदलायचे ते दुसऱ्या फोनवरून, त्याच फोनवरून बदललात तर नवेही गेले.

कॉम्प्युटरवरची सेटअप फाइल: हीही शून्य

डीटीपीची दुकानं, सेतू केंद्रं, कॉलेजच्या लॅब यांनी हा भाग नीट वाचावा. फेसबुकवर हजारो फॉलोअर असलेलं पान दिसतं. बहुधा ते कोणाचंतरी चोरलेलं आणि नाव बदललेलं असतं. खाली झिप फाइल आणि पोस्टमध्येच तिचा पासवर्ड. पासवर्ड यासाठी की अँटिव्हायरसला आत बघता येऊ नये. आत ईएक्सई फाइल, म्हणजे विंडोजवर चालणारा प्रोग्रॅम, कधी मुद्दाम शेकडो एमबीपर्यंत फुगवलेली, कारण मोठ्या फाइली तपासायला बरीच साधनं नकार देतात. विंडोज फाइलनावाचं शेपूट (डॉट ईएक्सई, डॉट पीडीएफ) लपवतं, म्हणून ‘मार्गदर्शक पीडीएफ’ वाटणारी फाइल प्रोग्रॅम निघते. फाइल एक्सप्लोररमध्ये ‘व्ह्यू’, मग ‘शो’, मग ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’ ला टिक करा. एकदाच करायचं काम आहे.

हा प्रोग्रॅम ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड आणि कुकीज उचलतो. कुकी म्हणजे तुम्ही आधीच लॉगिन केल्याची चिठ्ठी. ती ज्याच्या हाती, त्याला ओटीपी विचारलाच जात नाही. सेतू केंद्राच्या कॉम्प्युटरवर सरकारी पोर्टलचे पासवर्ड क्रोममध्ये साठवलेले असतील, तर नुकसान एका माणसाचं राहत नाही. मेटाने मे २०२३ मध्ये सांगितलं होतं की मार्चपासून चॅटजीपीटी वगैरेच्या नावाने येणारे सुमारे १० मालवेअर प्रकार सापडले आणि अशा १,००० हून जास्त लिंक रोखल्या. त्याच वर्षी मार्चमध्ये चॅटजीपीटीच्या नावाचं एक क्रोम एक्स्टेन्शन फेसबुक खाती पळवताना सापडलं, आणि ते खुद्द क्रोमच्या अधिकृत दुकानात होतं. एक्स्टेन्शनची गरजच काय? टॅब उघडा.

अलीकडचा प्रकार आणखी निगरगट्ट आहे. ‘मी रोबो नाही’ असं पान येतं आणि सांगतं: विंडोज बटण आणि आर दाबा, मग कंट्रोल-व्ही, मग एंटर. पानाने गुपचूप कॉपी केलेला आदेश तुम्हीच स्वतःच्या हाताने चालवता. कोणत्याही खऱ्या पडताळणीत विंडोज-आर दाबावं लागत नाही.

ॲप हवंच असेल तर विंडोजवर मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून घ्या. मॅकवर चॅटजीपीटीच्या साइटवरूनच.

ऑफर आणि स्वस्तातली खाती

ऑफर खऱ्या होत्या, म्हणूनच नकली चालतात. एअरटेलने जुलै २०२५ मध्ये परप्लेक्सिटी या आणखी एका एआय सेवेची प्रो योजना एका वर्षासाठी दिली, जिओने त्याच वर्षी गुगलची प्रो योजना १८ महिन्यांसाठी, आणि ओपनएआयने ३९९ रुपये महिन्याचा ‘गो’ प्लॅन नोव्हेंबरपासून वर्षभर फुकट. एअरटेलची सुरू होत होती एअरटेल थँक्समधून, जिओची मायजिओमधून. आज कोणती चालू आहे ते त्याच ॲपमध्ये बघा. लिंक पाठवून ‘ॲक्टिव्हेशन चार्ज’ मागणारा त्यांतला नाही.

चॅटजीपीटीची ‘प्लस’ ही पैसे भरून मिळणारी योजना. ‘प्लस खातं फक्त दोनशेत’ म्हणून जे विकतात, ते एकच खातं अनेकांना वाटलेलं असतं. तुमची सगळी प्रश्नोत्तरं बाकीच्यांना डावीकडच्या यादीत दिसतात. कंपनीने खातं बंद केलं की पैसे परत मागायला तोंड नाही.

दुकानातून ‘टाकून घेणं’: चार

भुसावळ, शिरपूर, शहादा, कुठेही दुकानदाराला नवा फोन सेट करून द्यायला सांगतात. वाईट नाही, पण दोन गोष्टी समोर उभं राहून बघा. खातं तुमच्या ईमेलवर उघडलंय ना? दुकानाच्या ईमेलवर असेल तर पासवर्ड विसरल्यावर दरवेळी दुकान गाठावं लागतं, आणि चॅट त्याच्याकडेही उघडतं. आणि ॲप प्ले स्टोअरमधून आलं की पेन ड्राइव्हमधून? सेटिंग्जमध्ये ॲपच्या माहितीत सगळ्यात खाली कुठून इन्स्टॉल झालं ते लिहिलेलं असतं. या कामाचे वेगळे पैसे मागत असतील तर देऊ नका, दोन मिनिटांचं काम आहे.

खरा चॅटबॉट मिळाल्यावरही सातबारा, आधार, पासबुकचा फोटो त्यात टाकू नका. चॅटजीपीटीत सेटिंग्जमधल्या ‘डेटा कंट्रोल्स’ मध्ये मॉडेल सुधारण्यासाठी चॅट वापरण्याची परवानगी बंद करता येते. केळीवरचा करपा किंवा कपाशीवरची बोंडअळी याबद्दल जरूर विचारा, रोगाची माहिती बरी मिळते. औषधाचं प्रमाण मात्र डब्यावरच्या लेबलवरून घ्या, कारण चॅटबॉट चुकीचा आकडाही तेवढ्याच ठामपणे सांगतो.