नौपाड्यातील स्वमग्नता निदान केंद्र: बाईंच्या पश्चात

स्वमग्नतेवरील (ऑटिझमवरील) संशोधनात ज्या बाईंबरोबर मी अनेक वर्षे काम केले, त्यांनी ठाण्यात नौपाड्यात उभे केलेले हे छोटे निदान केंद्र त्यांच्या निधनानंतर कसे चालले आहे, असे पालक मला वारंवार विचारतात. नुकतीच भाचीच्या दोन वर्षांच्या मुलाच्या तपासणीला मी सोबत गेले होते, त्यामुळे आता पाहून सांगता येते.

तपासणीत घाई नाही. १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी असलेली एम-चॅट-आर ही प्राथमिक चाळणीची २० प्रश्नांची प्रश्नावली पालकांकडून भरून घेतात. पण नुसत्या 'हो-नाही'वर भागवत नाहीत. लांबच्या वस्तूकडे बोट दाखवले तर मूल तिकडे पाहते का, याला भाचीने 'हो' लिहिले होते. "शेवटचं कधी पाहिलं, कशाकडे?" असे तिथल्या तरुण मानसशास्त्रज्ञ मुलीने विचारले, तेव्हा भाचीला एकही प्रसंग आठवेना. प्रसंग मिळाल्याशिवाय 'हो' मोजायचा नाही, हा बाईंचा दंडक. मुलगा फरशीवर डब्याचे झाकण गरगर फिरवत बसला, तर त्या मानसशास्त्रज्ञ मुलीने ते काढून घेतले नाही. दुसरे झाकण घेऊन शेजारी बसली, तेही फिरवले आणि त्याने मान वर करेपर्यंत गप्प राहिली. (बाई तर गुडघे दुखत असतानाही मुलांसमोर खुर्ची घेत नसत.) लोर्ना विंग या स्वमग्नतेवर संशोधन केलेल्या ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ स्वतः स्वमग्न मुलीच्या आई होत्या, हे बाई प्रत्येक नव्या सहकाऱ्याला आवर्जून सांगत, आईच्या निरीक्षणाला काळजीपोटीचे बोलणे समजून बाजूला सारणाऱ्यांना त्यांचे ते उत्तर असे.

शुल्क आधीच सांगतात, पावतीही मिळते.

अहवालाबाबत मात्र मी नाराज आहे. बाई असताना तो मराठीत मिळे, कारण घरी मुलाला दिवसभर सांभाळणाऱ्या आजीलाही तो वाचता आला पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. आता तो इंग्रजीत येतो. 'आयसा' या ४० मुद्द्यांच्या भारतीय मापनपद्धतीत ७० गुणांपासून स्वमग्नता धरली जाते. असे आकडे उलगडून न सांगता हाती ठेवले, तर पालक निकालपत्रासारखे तेवढेच पाहत बसतात. मी विचारल्यावर मागितल्यास मराठी अहवाल देऊ, असे सांगण्यात आले. तेव्हा जाणाऱ्यांनी नाव नोंदवतानाच तशी लेखी मागणी करावी, आणि दिव्यांग प्रमाणपत्र इथे नव्हे, शासकीय यंत्रणेकडूनच मिळते, हेही ध्यानात ठेवावे.