सेकंडहँड सीपॅप मशीन घेताय? आमचं काय झालं ते आधी वाचा

लांबलचक झालंय, पण घरात कुणी सीपॅप, म्हणजे झोपेत श्वास अडकू नये म्हणून मास्कमधून हवा सोडणारं मशीन, वापरत असेल तर वाचाच. यात माझीही थोडी चूक आहे, थोडी नाही, बरीच, आणि ती लपवून बाकीचं सांगण्यात काही अर्थ नाही म्हणून सगळंच लिहितेय.

आमच्या ह्यांना स्लीप ॲप्निया आहे, झोपेत श्वास अडकण्याचा आजार. २०१५ ला स्लीप स्टडी केली तेव्हा एएचआय ४२ आला, म्हणजे झोपेत तासाला ४२ वेळा श्वास थांबत तरी होता नाहीतर अर्धवट तरी होत होता. ३० च्या वर गेलं की सिव्हिअर धरतात. तोवर आम्ही सगळे ते नुसतं घोरणं समजून हसत होतो, लग्नकार्यात ह्यांच्या खोलीत झोपायला कुणी तयार नसायचं. मशीन लावलं आणि आठवड्याभरात पेपर वाचता वाचता डुलक्या काढायचं बंद झालं. तेव्हापासून रोज रात्री नाकाला मास्क, ११ चं प्रेशर, आणि उशाशी ती बारीक घरघर, मला तर आता तिच्याशिवाय झोप येत नाही.

२०२४ च्या मार्चमध्ये स्क्रीनवर मोटरचं आयुष्य संपल्याचा मेसेज यायला लागला. मशीन चालू होतं, पण आवाज वाढला होता. नवीन ऑटो मशीन, म्हणजे प्रेशर आपोआप कमीजास्त करणारं, हवा दमट करणाऱ्या ह्युमिडिफायरसकट ६२ हजार सांगितलं. ह्यांना रिटायर होऊन चार वर्षं झालेली, त्याच महिन्यात सोसायटीचा रिपेअर फंड भरलेला. म्हणलं मेडिक्लेम आहे ना, अठरा वर्षं हप्ते भरतोय. टीपीएला, म्हणजे इन्शुरन्स कंपनीतर्फे क्लेम बघणाऱ्या एजन्सीला, फोन केला तर तिथल्या मुलीनं सरळ सांगितलं, ॲडमिट असताना हॉस्पिटलनं लावलं ते वेगळं, घरी न्यायचं मशीन तुमच्या पॉलिसीत बसत नाही. (आमच्या शेजारचे काका केंद्र सरकारचे पेन्शनर, त्यांना सीजीएचएसमधून, म्हणजे सरकारच्या आरोग्य योजनेतून मिळालं, पण त्यांनी स्लीप स्टडीचा रिपोर्ट लावून खरेदीच्या आधी परवानगी घेतली होती. आमची साधी पॉलिसी.)

मग मी जुन्या वस्तूंच्या ॲपवर शोधायला लागले. ठाण्यातला एक जण, ऑटो मशीन, ह्युमिडिफायर, २६ हजार. फोनवर इतका गोड बोलला की काय सांगू. "काकू, कोविडचं मशीन आहे. पेशंटला पंधरा दिवस लावलं, मग नुसतं कपाटात. या तुम्ही, काकांना पण आणा, लावून बघा, नाही आवडलं तर चहा पिऊन जा."

गेलो डोंबिवलीहून. छोटं ऑफिस, भिंतीला ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर रांगेनं लावलेले. त्यानं स्क्रीनवर थेरपी अवर्स काढून दाखवले, ३८६. ह्यांनी लगेच मनात हिशोब केला, दिवसरात्र लावलं असेल तर सोळा दिवस, जुळतंय की! वर तो म्हणाला, "ओझोननं सॅनिटाइझ करून दिलंय काका, एकदम हॉस्पिटलसारखं." आम्हाला ते पण भारीच वाटलं.

आणि मग तो मुद्दा आला. मी सहज बोलले की मेडिक्लेमवाले देत नाहीत म्हणून जुनं घ्यायची वेळ आली, तर म्हणाला, "फोनवरची पोरं काहीही सांगतात काकू. आमच्या कितीतरी पेशंटना मिळालेत. मी तुम्हाला नवीन मशीनचं पक्कं बिल देतो ५८ हजारांचं, लावून बघा, मिळाले तर तुमचे, नाही मिळाले तर काय गेलं?" हे गप्प बसले. मी नाही बसले. घरी येऊन मी व्हॉट्सॲपवर लिहिलं, बिलात ह्यांचं नाव आणि ५८ हजार नीट टाका. माझ्या हातानं लिहिलं.

पाच हजार आधी यूपीआयनं दिले होते, बाकीचे एकवीस त्याने कॅश मागितले, दिले. वॉरंटी म्हणून व्हिजिटिंग कार्डाच्या मागे पेनानं '१ वर्ष' आणि सही. आज ते कार्ड बघितलं की मला स्वतःचीच कीव येते.

पहिल्या रात्रीपासून हे म्हणायला लागले, कसला तरी वास येतोय, जळल्यासारखा. मी म्हणलं कपाटात पडून होतं ना, जाईल. सकाळी डोकं जड, घसा कोरडा. दहा-बारा दिवसांनी नळी धुताना मशीनच्या तोंडापाशी काळे बारीक कण दिसले, चहाच्या भुकटीसारखे. फिल्टरची घाण असेल म्हणून पुसून टाकले. बघा, माणूस स्वतःला कसं समजावतो.

उलगडा झाला तो मेडिक्लेममुळेच. क्लेम टाकला होता, त्यांची क्वेरी आली, मशीनचा सिरियल नंबर दिसेल असा फोटो पाठवा. मशीन उलटं केलं तर नंबराच्या जागी त्या दुकानाचं चकचकीत स्टिकर. नखानं उकरून काढलं, खाली कंपनीचं लेबल, नंबर बिलातल्या नंबरशी जुळेना, आणि बनवल्याची तारीख ऑक्टोबर २०१८. हे बँकेतून रिटायर झालेले, आयुष्यभर सह्या जुळवल्या, मशीन घेताना मात्र उलटं करून बघायचं दोघांनाही सुचलं नाही.

मशीन घेऊन स्लीप क्लिनिकच्या टेक्निशियनकडे गेलो. त्या मुलानं मेनूत जाऊन दुसरा आकडा काढला, ब्लोअर अवर्स. १३,७४०. त्यानं समजावलं की थेरपी अवर्स म्हणजे पेशंटचे तास, पेशंट बदलला की ते पुसून शून्यापासून सुरू करता येतात, त्यात लबाडी काही नाही, ती सोयच आहे. पण मोटर किती फिरली ते ब्लोअर अवर्समध्ये असतं आणि ते त्या सेटिंगनं पुसलं जात नाही. रोज आठ तास धरले तर १३,७४० म्हणजे पावणेपाच वर्षं. आम्ही जुनं मशीन बाजूला ठेवून दुसरं म्हातारंच मशीन विकत आणलं होतं. प्रत्येक कंपनीत या आकड्यांची नावं वेगळी असतात, रन अवर्स म्हणतात, मशीन अवर्स म्हणतात, म्हणून विकणाऱ्याला नुसतं "तास दाखवा" म्हणू नका, मोटरचे तास दाखवा म्हणा.

काळ्या कणांचं तर वेगळंच निघालं. जून २०२१ मध्ये एका मोठ्या कंपनीनं जगभरातून लाखो मशीन्स परत मागवली होती, आत आवाज दाबायला जो पॉलियुरेथेनचा फोम असतो तो कालांतरानं झिजून त्याचे कण आणि वायू श्वासाच्या हवेत येऊ शकतात म्हणून. उष्ण, दमट हवेत फोम लवकर खराब होतो, आणि ओझोननं साफ केलं तर आणखी लवकर. डोंबिवलीचा मे महिना आणि वर ओझोन! आमचं मशीन त्याच मॉडेलचं, सिरियल नंबर परत मागवलेल्यांच्या यादीत. टेक्निशियन म्हणाला, आजपासून हे लावू नका. म्हणजे त्या रात्रीपासून मोटरचा मेसेज दाखवणारं जुनंच परत उशाशी.

मी त्या माणसाला फोन केला. आधी "बघतो काकू", मग फोन उचलेना, मग मी लिहिलं की ग्राहक मंचात जाईन. त्यावर त्याचा मेसेज जसाच्या तसा: "करा कंप्लेंट. ५८ चं बिल तुम्हीच मागितलंय, चॅट माझ्याकडे पण आहे."

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. ते बिल त्यानं आमच्यावर उपकार म्हणून दिलंच नव्हतं. ते आमच्या तोंडाला लावलेलं कुलूप होतं आणि मी किल्ली त्याच्याच हातात दिली होती. कोविडची गोष्ट काय, ओझोन काय, सगळं एका बाजूला, त्याची खरी हुशारी ही. जो विकणारा स्वतःहून जास्तीच्या रकमेचं बिल देऊ करतो त्याच्या दुकानातून तसंच उठा, चहा पण पिऊ नका. नंतर जीएसटीच्या पोर्टलवर बिलावरचा नंबर टाकून बघितला, कुणालाही बघता येतो तो, तर नाव भलत्याच कुणाचं. हे पैसे द्यायच्या आधी दोन मिनिटांत कळलं असतं.

तीन आठवडे आम्ही गप्प होतो. ह्यांचं एकच, "अगं, आपणच खोटं बिल लावलंय, आता कुठल्या तोंडानं जायचं?" शेवटी माझे मावसभाऊ वकील आहेत, त्यांच्यासमोर सगळं ओतलं. ते आधी माझ्यावर बरसले, आणि बरोबरच होतं. मग म्हणाले, पहिलं इन्शुरन्स कंपनीला लेखी कळव की क्लेम मागे घेतोय आणि बिल चुकीचं आहे. ते केलं, ते पत्र लिहिताना हात थरथरत होता. मग १९१५ वर, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन केला, तक्रार नोंदवली, आणि जिल्हा ग्राहक आयोगात ऑनलाइन केस टाकली. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही, दोन वर्षांच्या आत टाकावी लागते. तक्रारीत बिलाचं पण खरं लिहिलंय. तारखा पडतायत, पैसे अजून आलेले नाहीत.

मधल्या काळात दोन महिने मशीन भाड्यानं घेतलं, हे मिळतं हेच मला माहीत नव्हतं, काही डीलर नंतर विकत घेतलं तर भाडं वळतं करून देतात. तसंच करून शेवटी नवीन घेतलं, हप्त्यांवर. खोका, मशीन आणि बिल, तिन्हीकडचा सिरियल नंबर ह्यांनी काउंटरवरच चष्मा लावून तीनदा वाचला. डीलर हसत होता, हसू दे.

ते ठाण्याचं मशीन पुरावा म्हणून माळ्यावर आहे. परवा भंगारवाला आला तेव्हा माळा आवरत होते, त्याची नजर गेलीच. "ताई, ते चालू आहे का? पाचशे देतो." मी नाही म्हणलं, आणि तो गेल्यावर काळा मार्कर घेऊन मशीनच्या वरच्या बाजूला मोठ्ठ्या अक्षरात लिहून ठेवलं, '१३,७४० तास. फोम खराब. लावू नये.'