कुंभार्ली घाट, जुनी स्विफ्ट आणि नवीन डिस्क-पॅड: पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

गाडी २०१२ची पेट्रोल स्विफ्ट, व्हीएक्सआय, एबीएस (करकचून ब्रेक मारला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) नसलेली. कराड-चिपळूण येणं-जाणं कायमचं, म्हणजे कुंभार्ली घाट चुकत नाही. गेल्या उन्हाळ्याच्या तोंडावर पुढचे ब्रेक पॅड आणि दोन्ही डिस्क (चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी चकत्या, पॅड त्यांनाच दोन्ही बाजूंनी दाबतात) एकदमच बदलल्या. मधे अख्खा कोकणातला पावसाळा गेला, थंडीही सरत आली. आता खात्रीने सांगतो: जुन्या गाडीला नुसते पॅड टाकून भागत नाही.

आधीचा त्रास असा होता की घाट उतरून पोफळी येईपर्यंत स्टिअरिंग थरथरायला लागायचं. सपाटीला ऐंशीच्या वेगात हलका ब्रेक दाबला तरी पेडल पायाला ठोके द्यायचं. एबीएसच्या गाडीत करकचून ब्रेक मारला की पेडल असं धडधडतंच, पण आमच्यात ते नाहीच, त्यामुळे संशय सरळ डिस्कवर गेला. त्याआधी एका गॅरेजने फक्त पॅड बदलून दिले होते. थोडे दिवस बरं वाटलं, मग पुन्हा तेच.

डिस्क तापून वाकते असा सर्रास समज आहे. प्रत्यक्षात बहुतेक वेळा तिची जाडी जागोजागी कमी-जास्त झालेली असते, किंवा पॅडचा माल तिच्यावर असमान चिकटलेला असतो. फरक केसाएवढा असला तरी पायाला कळतो. लेथवर फेसिंग मारून, म्हणजे डिस्क तासून सपाट करून घेणं हा एक मार्ग आहे, पण जाडी उरली असेल तरच. किमान जाडी डिस्कवरच कोरलेली असते. मोजताना मायक्रोमीटर घ्या. जुन्या डिस्कच्या कडेला न झिजलेला काठ उभा राहतो, व्हर्नियर त्यावर टेकतो आणि जाडी आहे त्यापेक्षा जास्त दाखवतो. आमच्या डिस्क किमान जाडीला जवळजवळ टेकल्या होत्या, त्यामुळे लेथचा विषय संपला.

कामाच्या वेळी मी मिस्त्रींच्या शेजारीच उभा होतो. डावीकडची डिस्क गंजाने हबला (चाक आणि डिस्क ज्यावर बसतात तो मधला भाग) घट्ट धरून बसलेली. त्यांनी हातोडा उचललाच नाही. डिस्कला आटे पाडलेली दोन भोकं असतात, त्यात आठ एमएमचे दोन बोल्ट घालून एकदा हा, एकदा तो असे थोडे थोडे पिळत गेले. कट्‌ असा आवाज झाला आणि डिस्क सुटली. हातोड्याचे घाव व्हील बेअरिंगला बसतात, ते यात वाचतं. मग हबचा चेहरा तारेच्या ब्रशने चकचकीत होईपर्यंत घासला. माझ्या मते सगळ्या कामातली ही सगळ्यात मोलाची दहा मिनिटं. तिथे गंजाचा पापुद्रा राहिला तर नवी कोरी डिस्कसुद्धा किंचित तिरकी बसते, आणि काही हजार किलोमीटरनंतर थरथर परत येते.

दुसरी गोष्ट कॅलिपरच्या, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या पकडीच्या पिनांची, ज्यांवर ती सरकते. खालची पिन जाम होती, म्हणून आतला पॅड झिजून मागच्या पत्र्यापर्यंत आलेला आणि बाहेरचा अर्धाअधिक शिल्लक. पिना साफ करून ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस लावलं. साधं ग्रीस नको, त्याने रबर फुगतं. नव्या डिस्कवर गंज येऊ नये म्हणून तेलाचा थर असतो, तो ब्रेक क्लीनरने पुसून काढला.

ब्रेक ऑइलही त्याच दिवशी बदललं. ते हवेतली ओल शोषतं, ओलीने ते लवकर उकळतं, आणि घाटात ब्रेक तापले की हेच महागात पडतं. डॉट ३, डॉट ४ या ब्रेक ऑइलच्या प्रती. नव्या डॉट ३चा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सियस, पाणी मुरल्यावरची किमान मर्यादा १४०. डॉट ४ला हेच आकडे २३० आणि १५५. आम्ही डॉट ४ भरलं. जुनं सगळं काढून टाकलंच होतं, पण ही दोन्ही एकमेकांत चालतातही.

गाडी हलवण्याआधी पेडल घट्ट होईपर्यंत पंप केलं. मग मोकळ्या रस्त्यावर साठवरून पंधरा-वीसपर्यंत वेग उतरवायचा, पूर्ण थांबायचं नाही, मधे गार होऊ द्यायचं, असं आठ-दहा वेळा केलं. हे टाळू नका. पॅडचा माल डिस्कवर सारखा बसतो तो इथेच.

दोन्ही बाजूंचा खर्च मजुरीसकट आठ हजारांच्या आत आला, सगळा माल जेन्युइन. आज पेडल वर आणि घट्ट आहे, स्टिअरिंग शांत. चिपळूणला रात्रभर पावसात उभी राहिली की सकाळी पहिल्या दोन-तीन ब्रेकला खरखर येते. तो डिस्कवरचा वरवरचा गंज असतो, कोपऱ्यावर जाईपर्यंत पुसला जातो, त्याला घाबरू नका. रिव्हर्समध्ये ब्रेक कधीतरी बारीक किंचाळतात, तेवढीच एक तक्रार. घाटात भर धुक्यात, पुढे उसाचा ट्रॅक्टर अचानक दिसला तेव्हा गाडी सरळ रेषेत थांबली. मागच्या सीटवर आई होती. तो खर्च माझ्यासाठी तिथेच वसूल झाला.

उतार मात्र आजही दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्येच उतरतो, ब्रेकवर पाय ठेवून नाही. परवा टायर रोटेशनला चाकं काढली तेव्हा पॅड बघून घेतले: आतला-बाहेरचा सारखा झिजतोय, पाऊणाहून जास्त माल शिल्लक आहे. पुढच्या पावसाळ्याआधी मागच्या चाकांचे ड्रम ब्रेक उघडून शू (त्यांतले पॅडसारखे झिजणारे भाग) बघायचे आहेत, हँडब्रेक दोन-तीन दात जास्त वर यायला लागलाय.