९९८ की ११९७? साताऱ्याच्या घाटांत व्हेन्यू टर्बो चालवल्यावर

"हजार सीसी? आरं, घाट चढंल का ही?" गाडी दारात आली त्या दिवशी तात्यांनी, म्हणजे माझ्या मोठ्या चुलत्यांनी, हे विचारलं. तेव्हापासून हाच प्रश्न निम्म्या ओळखीच्यांनी विचारून झाला आहे. प्रश्न रास्त आहे. सीसी म्हणजे ताकद, हे मोटरसायकलच्या दिवसांपासून आपल्या डोक्यात बसलेलं असतं. ह्युंदाईच्या व्हेन्यूत मात्र हिशोब उलटा आहे. तिचं १.२ पेट्रोल इंजिन ११९७ सीसीचं, ताकद ८३ पीएस, टॉर्क, म्हणजे चाकं फिरवायचा जोर, ११४ एनएम. १.० टर्बो ९९८ सीसीचं, पण १२० पीएस आणि १७२ एनएम. तात्यांच्या वॅगनआरचं इंजिनही ९९८ सीसीचंच आहे आणि त्याचा टॉर्क ८९ एनएम. आकार तेवढाच असून टॉर्क जवळपास दुप्पट, कारण टर्बो सायलेन्सरकडे निघालेल्या धुराच्या जोरावर फिरतो आणि इंजिनात जास्तीची हवा दाबून भरतो.

मी सहा गिअरची टर्बो मॅन्युअल घेतली, २०२५ च्या पाडव्याला. (त्याच वर्षी २२ सप्टेंबरला, ऐन घटस्थापनेला, छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला. या विषयावर घरात बोलायचं नाही असं ठरलेलं आहे.) माझा चुलतभाऊ कराडला असतो, त्याच्याकडे एमएच ५० पासिंगची १.२ आहे. सणावाराला, लांबच्या प्रवासाला आम्ही गाड्या अदलाबदल करून नेतो, त्यामुळे दोन्ही इंजिनं मी चांगली राबवली आहेत.

मुळात हा १.० की १.२ चा पेच कराच्या नियमातून आलाय. गाडी चार मीटरच्या आत आणि पेट्रोल इंजिन १२०० सीसीच्या आत असेल तरच कमी दर लागतो. म्हणून नेक्सॉनचं पेट्रोल इंजिन ११९९ सीसीचं असतं. ब्रेझा लांबीनं चार मीटरच्या आतच आहे, पण तिचं इंजिन १४६२ सीसीचं, त्यामुळे तिला १८ टक्क्यांचा दर मिळत नाही. कंपन्यांना ताकद वाढवायची तर सीसी न वाढवता वाढवावी लागते, आणि त्यासाठी टर्बो सोयीचा पडतो.

डिझेलचा विचार आम्ही लवकर सोडला. आमचं महिन्याचं रनिंग हजार किलोमीटरच्या आत, त्यातही पोवई नाका, राजवाडा, एमआयडीसी अशा छोट्या फेऱ्या जास्त. अशा वापरात डिझेलच्या डीपीएफमध्ये, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरमध्ये, काजळी साठत जाते, कारण ती जाळायला लागणारी लांब, सलग धाव गाडीला मिळत नाही. रोज सातारा ते पुणे असतं तर गोष्ट वेगळी.

आता घाट. वाई समुद्रसपाटीपासून सातशे मीटरच्या आसपास, पाचगणी बाराशे-तेराशे मीटरवर, आणि महाबळेश्वर साडेतेराशेच्या घरात. एवढ्या उंचीवर हवा साधारण बारा टक्के विरळ होते. साध्या इंजिनाला जेवढी हवा मिळते तेवढ्यावरच भागवावं लागतं, म्हणजे ८३ पीएसमधले आठ-दहा तिथेच गळाले. टर्बो ही तूट बरीचशी भरून काढतो. हे कागदावर वाचलं होतं, पसरणी घाटात मे महिन्यात पाच माणसं, डिकी भरलेली आणि एसी चालू अशा अवस्थेत कळलं. माझी गाडी तिसऱ्यात चढते, मोकळं वळण मिळालं तर चौथ्यातही. चुलतभावाची १.२ दुसऱ्यात घ्यावी लागते आणि साडेतीन-चार हजार आरपीएमपर्यंत ओरडवावी लागते, कारण तिचा कमाल टॉर्क मिळतोच ४००० ला. तीही चढते, हे ठासून सांगतो. एसी बंद करावा लागेल वगैरे जुन्या गोष्टी झाल्या. फक्त पुढच्या बसला ओलांडायचं का, याचा विचार तिच्यात जास्त करावा लागतो.

ओलांडण्याचा खरा कस मला घाटापेक्षा उसाच्या हंगामात दिसला. कोरेगाव, रहिमतपूर बाजूला नोव्हेंबरपासून ट्रॅक्टर आणि त्यामागे दोन ट्रॉल्या, तेही उसाच्या मोळ्या दोन्ही बाजूंना बाहेर आलेल्या. समोरचं दिसायला आधी थोडं बाहेर यावं लागतं आणि रस्ता मोकळा दिसला की लगेच निघावं लागतं. इथे टर्बो तिसऱ्या गिअरात एका दमात निघून जाते. १.२ मध्ये मी मुकाट मागे राहतो, आणि त्यात काही बिघडत नाही.

पण यवतेश्वरच्या घाटात चित्र पालटतं. समर्थ मंदिराकडून कासला जाणारा हा रस्ता अरुंद, आणि फुलांच्या दिवसांत रविवारी गाड्यांची रांग लागते. चढावर थांबा, दोन गाड्यांएवढं पुढे सरका, परत थांबा. टर्बोचा टॉर्क कागदावर १५०० आरपीएमपासून सुरू होतो, पायाला जाणवतो तो अठराशेच्या पुढे. त्याखाली ती फक्त तीन सिलिंडरची हजार सीसी असते, वर वॅगनआरपेक्षा जड. मग हाफ क्लचवर रेस धरा, क्लचचा वास येतोय का बघा. हिल असिस्ट दोन सेकंद गाडी धरतं, पुढचं आपल्यालाच. चार सिलिंडरची १.२ इथे शहाणी वाटते. ॲक्सिलरेटर जेवढा दाबाल तेवढंच, लगेच देते. बायको ही रांग १.२ मध्येच पसंत करते आणि मला तिचं म्हणणं खोडता येत नाही.

उतरताना तर टर्बोचा आणखी एक गुण कळतो, ज्याबद्दल विक्रेते अवाक्षर काढत नाहीत. आपण ॲक्सिलरेटर सोडला की टर्बो काही करत नाही, गाडीला मागे ओढून धरायला नुसता इंजिनाचा आकार उरतो, आणि तो ९९८ चाच. पसरणी उतरताना १.२ तिसऱ्यात जेवढी आवरते तेवढं आवरायला टर्बोला दुसरा गिअर लागतो. तिसऱ्यात सोडली की पाय सारखा ब्रेकवर जातो. चढताना टॉर्क बघा, उतरताना सीसी. आता सवय झाली आहे, ज्या वळणाला चढताना तिसरा असतो तिथे उतरताना दुसरा टाकतो.

ॲव्हरेज सगळे विचारतात म्हणून सांगतो. शहरात माझी अकरा-बारा देते, चुलतभावाची तेरापर्यंत. हायवेवर ऐंशी-नव्वदच्या वेगाला दोघी सतरा-अठराच्या घरात. टर्बोला जोरात हाणली की आकडा धाडकन खाली येतो, खंबाटकीचा चढ तिसऱ्यात उडवलात तर बघायलाच नको. आता पंपावर बहुतेक पेट्रोल २० टक्के इथेनॉलचं, आणि इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी. त्याचा फटका दोन्ही गाड्यांना बसतोच.

सांभाळायचं म्हणाल तर टर्बोचे लाड थोडे जास्त. कासच्या पठारावर पोचल्या पोचल्या चावी बंद करत नाही, अर्धा-एक मिनिट इंजिन चालू ठेवतो, म्हणजे तापलेल्या टर्बोतलं ऑइल फिरत राहतं. ऑइल बदलायची तारीख पुढे ढकलत नाही. सिग्नलला उभी असताना तीन सिलिंडरची थरथर स्टिअरिंगमध्ये जाणवते, पहिल्या महिन्यात खटकली, आता गाणी चालू असतात.

पैशाचं गणितही आहेच. घेताना तेवढ्याच रकमेत १.२ मध्ये सनरूफ मिळत होतं आणि टर्बोत नाही. लेकीनं दोन दिवस अबोला धरला. ज्यांची गाडी आठवड्याचे सहा दिवस गावात आणि वर्षातून दोनदा महाबळेश्वरला जाते, त्यांनी खुशाल सनरूफवाली १.२ घ्यावी. माझी सासुरवाडी चिपळूणला, म्हणजे कुंभार्ली घाट ठरलेला, म्हणून मी टर्बोवर अडून बसलो.

टेस्ट ड्राइव्हला एका शोरूमवाल्यानं मला हायवेवर सरळ रस्त्याला पाच मिनिटं फिरवून आणलं होतं. तेवढ्यात काहीच कळत नाही. दोन्ही इंजिनं यवतेश्वरला न्यायला लावा, घरची चार माणसं बसवून, एसी लावून. अर्ध्या चढावर मुद्दाम थांबवून पुन्हा उचला, आणि परतीला ब्रेक न दाबता तिसऱ्यात किती आवरते ते बघा. नाही म्हणाले तर शोरूम बदला.