वेर्ण्याचे सहा लाख की पुण्याचे आठ?

गोव्यातल्या फोंडा, डिचोली, साखळीकडच्या दोन-तीन वर्षं अनुभव असलेल्या सॉफ्टवेअर डेव्हलपरपुढे हा पेच हमखास येतो. वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीतली कंपनी वर्षाला सहा लाख देते, पुण्याची आठ. सहा ऐकून तोंड उतरतं. पण उतरण्याआधी दोन्ही आकडे फोडून बघावेत.

उदाहरणादाखल दोन्हीकडे मूळ पगार सीटीसीच्या (कंपनीला तुमच्यावर येणाऱ्या एकूण वार्षिक खर्चाच्या) निम्मा आणि पीएफ (भविष्यनिर्वाह निधी) पूर्ण मूळ पगारावर धरला आहे. सीटीसीतून मधल्या सगळ्या ओळी वजा केल्या की हातातला पगार उरतो. शेवटची ओळ सोडून आकडे वर्षाचे, रुपयांत:

| | वेर्णा | पुणे |
|---|---|---|
| सीटीसी | 6,00,000 | 8,00,000 |
| व्हेरिएबल (कामगिरीवर ठरणारा भाग), 10 टक्के | 60,000 | 80,000 |
| कंपनीचा पीएफ | 36,000 | 48,000 |
| ग्रॅच्युइटी (नोकरी सोडताना मिळणारी एकरकमी रक्कम), मूळ पगाराच्या 4.81 टक्के | 14,430 | 19,240 |
| तुमचा कापला जाणारा पीएफ | 36,000 | 48,000 |
| महाराष्ट्राचा व्यवसाय कर | – | 2,500 |
| महिन्याला हातात, सुमारे | 37,800 | 50,200 |

आयकराची चिंता दोन्हीकडे नाही. 2025-26 पासून नव्या करप्रणालीत पगारदाराला 12.75 लाखांपर्यंत कर बसत नाही. काही कंपन्या पीएफ 15,000 च्या मर्यादेवरच कापतात, म्हणजे महिना 1,800. तसं असेल तर हातात जास्त येतं, पण साठतं कमी. ग्रॅच्युइटीचा आकडा तूर्त विसरा. कायम नोकरीत ती पाच वर्षं भरल्यावरच मिळते. आरोग्य विम्याचा हप्ताही सीटीसीत घुसवलाय का, ते विचारा.

तर दोन लाखांचा फरक महिन्याला 12,400 वर आला. पुण्यात वाकड-हिंजवडीकडे दोघांत खोली आणि खानावळ मिळून 15,000 धरले, तर तोही उरत नाही. शिवाय डिपॉझिट आधी मोजावं लागतं आणि चवथीला (गणेश चतुर्थीला) घरी यायचं तर बसचं तिकीट कडाडलेलं असतं. फोंड्याहून बोरी पुलावरून दुचाकीने वेर्ण्याला जाणाऱ्याचं गणित म्हणून वेगळं. डिचोली किंवा पेडण्याच्या माणसाने मात्र रोजचा प्रवास नीट मोजावा; वेर्ण्याजवळ खोली घ्यावी लागली तर घरच्या जेवणाचा फायदा गेलाच.

पैसा सोडला तर पुण्याचं पारडं एका बाबतीत खरंच जड आहे: पुढची नोकरी. तिथे दीड-दोन वर्षांनी कंपनी बदलायची तर शहर बदलावं लागत नाही. गोव्यात कंपन्या मोजक्या, माणसं एकमेकांना ओळखणारी, त्यामुळे दुसरी ऑफर हातात धरून भाव वाढवायची संधी कमी. आमच्या मते घरची जबाबदारी नसलेल्या नवख्याने पुणे घ्यावं. लग्न झालेल्या, आई-वडील घरी असलेल्या माणसाने वेर्ण्याची ऑफर सुधारून घ्यावी.

मुलाखतीचा बाजही निराळा असतो. मोठ्या कंपन्यांत बहुधा आधी तास-दीड तासाची ऑनलाइन कोडिंग चाचणी असते. तिथे अॅरे, स्ट्रिंग, हॅशमॅपचा सराव कामी येतो. छोट्या कंपनीत बऱ्याचदा टीम लीडच समोर बसतो आणि चालू कामातलं काहीतरी पुढे ठेवतो. एसक्यूएलमध्ये (डेटाबेसमधून माहिती काढायच्या भाषेत) हटकून घसरायची एक जागा सांगतो. प्रश्न असा: सगळे ग्राहक आणि त्यांच्या यंदाच्या ऑर्डरी दाखवा, ऑर्डर नसलेलेही दिसले पाहिजेत. उमेदवार लेफ्ट जॉइन (ऑर्डर नसलेले ग्राहकही ठेवणारी जोडणी) बरोबर लावतो आणि तारखेची अट वेअरमध्ये, म्हणजे जोडणीनंतरच्या गाळणीत टाकतो. ऑर्डर नसलेल्या ग्राहकाच्या ओळीत तारीख नल, म्हणजे रिकामी असते, ती अट पुरी होत नाही, ओळ गळते आणि लेफ्ट जॉइनचा इनर जॉइन (फक्त ऑर्डर असलेलेच ग्राहक) होऊन बसतो. अट जोडणीच्याच ऑनमध्ये लिहायची. असं कारण तोंडी सांगता आलं तर पुढे पगाराच्या बोलण्यात टीम लीडच तुमच्या बाजूने उभा राहतो.

आता घासाघीस. फोनवर आकडा ऐकल्याबरोबर हो किंवा नाही म्हणू नका. "काम आवडलं मॅडम, पगाराची फोड इमेलने पाठवाल का? दोन दिवसांत कळवतो," एवढं पुरे. कोकणीत गप्पा कितीही रंगल्या तरी शब्द इमेलवरच घ्यायचा.

पुण्याच्या एचआरला सरळ आकडा सांगा, "साडेआठवर सही करतो", आणि दुसरी ऑफर असेल तर ती दाखवायची तयारी ठेवा. मोठ्या कंपनीत पदाला पगाराची पट्टी ठरलेली असते. पट्टीत जागा असली तर मिळतं, नसली तर जॉइनिंग बोनसवर येतात. वर्षाच्या आत नोकरी सोडली तर तो परत मागतात का, ते वाचा. शिवाय तो एकदाच मिळतो. पुढची वाढ बहुधा फिक्स पगारावर मोजली जाते.

वेर्ण्यात मोठा आकडा मागितला की जुन्या माणसांचा पगार आड येतो. तिथे रचना बदलून मागा. व्हेरिएबलचे 60,000 भत्ता म्हणून फिक्समध्ये घाला म्हटलं, तर सीटीसी सहाच राहतो, मालकाला मंजुरी द्यायला सोपं जातं आणि तुमच्या हातात महिना 5,000 जास्त येतात, म्हणजे 42,800. ते जमलं नाही तर सहा महिन्यांनी पगाराचा आढावा, तारखेसह, ऑफर लेटरात लिहून घ्या. "बघू मागीर" (नंतर बघू) याला काही किंमत नाही. घरून कामाचे दिवस सर्वांत शेवटी मागा, ते सहज मिळतात. फक्त पावसाळ्यात वीज जाते, इन्व्हर्टर हवा.

सध्याचा पगार फुगवून सांगू नका. तीन महिन्यांच्या पगारपावत्या आणि फॉर्म 16 (वर्षाचा पगार आणि कापलेला कर दाखवणारा दाखला) मागितले की ते उघडं पडतं आणि दिलेली ऑफरही जाते. आणि सहीचं ऑफर लेटर हातात येईपर्यंत राजीनामा टाकू नका. जुन्या कंपनीत नोटीस 90 दिवसांची असेल तर ती आधीच सांगा. नोटिशीचे पैसे भरून लवकर बोलवायचं असेल तर ते कोण भरणार, हेही त्याच पत्रात हवं.