आर्मी-नेव्ही सामना आणि कॉलेज मैदानावरची मानवंदना: एका प्रेक्षकाचे परीक्षण

अमेरिकेत कॉलेज फुटबॉलचे तिकीट काढले की खेळाबरोबर आणखी एक कार्यक्रम पदरात पडतो. राष्ट्रगीताच्या वेळी मैदानभर पसरलेला ध्वज, डोक्यावरून गडगडत जाणारी विमाने, खेळ थांबलेला असताना मैदानाच्या कडेला बोलावून ज्याचा सन्मान केला जातो तो सैनिक, आणि प्रवेशद्वाराबाहेर भरती अधिकाऱ्यांचा तंबू. खेळाची चर्चा इथल्या मराठी मंडळींत भरपूर होते. या कार्यक्रमाची होत नाही, आणि तो तर आपल्या मुलांच्याच वयोगटासाठी आखलेला असतो. २०२२ च्या हंगामात मी असे दोन सामने पाहिले. एक १० डिसेंबरला फिलाडेल्फियात झालेला आर्मी-नेव्ही सामना. दुसरा मिडवेस्टमधील एका मोठ्या सरकारी विद्यापीठातला, जिथे माझी भाची शिकते आणि जिथला तो शनिवार सैनिकांच्या सन्मानासाठी राखून ठेवलेला होता. पहिल्याची शिफारस मी मनापासून करतो. दुसऱ्यात मानवंदना आणि जाहिरात ज्या पद्धतीने एकमेकींत मिसळली गेली, ती मला सैनिकांवरच अन्याय करणारी वाटली, आणि म्हणून हे परीक्षण थोडे सविस्तर लिहीत आहे.

आर्मी म्हणजे न्यूयॉर्क राज्यातील वेस्ट पॉइंटची लष्करी अकादमी आणि नेव्ही म्हणजे मेरिलँडमधील अ‍ॅनापोलिसची नौदल अकादमी. त्यांचा पहिला सामना १८९० मध्ये वेस्ट पॉइंटला झाला आणि नेव्हीने तो २४-० असा जिंकला. १९३० पासून त्यात एकाही वर्षाचा खंड पडलेला नाही. खेळ दुपारी तीनला सुरू होणार असला तरी प्रेक्षकाने बाराच्या सुमारास जागेवर असावे, कारण या तिकिटातला सर्वांत मोलाचा भाग तेव्हाच सुरू होतो. दोन्ही अकादमींचे विद्यार्थी, प्रत्येकी चार हजारांच्या आसपास, तुकड्या-तुकड्यांनी संचलन करत मैदानात येतात आणि हिरवळीचा मोठा भाग आधी करड्या आणि मग गडद निळ्या ओव्हरकोटांनी भरून जातो. त्यानंतर ‘कैद्यांची अदलाबदल’ होते: एका सत्रासाठी दुसऱ्या अकादमीत शिकायला गेलेले विद्यार्थी मैदानाच्या मध्यावर आणून आपापल्या बाजूला परत सोपवले जातात, आणि ते धावत आपल्या सोबत्यांत मिसळतात तेव्हा सगळे स्टेडियम हसते. एवढ्या कडक शिस्तीच्या मधोमध हा खेळकरपणा जपला गेला आहे, हे मला फार आवडले.

या सामन्यात मानवंदना वेगळी द्यावीच लागत नाही. मैदानावर खेळणारा आणि स्टँडमध्ये थंडीत चार तास उभा राहून ओरडणारा, दोघेही पदवीनंतर किमान ५ वर्षे प्रत्यक्ष सेवेला बांधलेले असतात. बहुतेक खेळाडूंच्या आयुष्यातला फुटबॉल इथेच संपतो. उद्घोषक त्यांना वीर म्हणत नाही, त्यांचे नाव, गाव आणि वर्ष सांगतो आणि पुढे जातो. आपण ज्यांच्यासाठी टाळ्या वाजवतो आहोत ते कोण आहेत आणि उद्या कुठे जाणार आहेत, याबद्दल प्रेक्षकाच्या मनात कोणताही गोंधळ राहत नाही.

खेळ म्हणून तो सामना चिवट बचावाचा होता. ठरलेल्या वेळेत १०-१० अशी बरोबरी झाली आणि या मालिकेच्या इतिहासात प्रथमच जादा वेळ खेळवावा लागला. दुसऱ्या जादा वेळेत नेव्हीच्या हातून गोलरेषेजवळ चेंडू निसटला आणि आर्मीने फील्ड गोल मारून २०-१७ असा विजय मिळवला. मात्र माझ्या लक्षात राहिली ती त्यानंतरची काही मिनिटे. दोन्ही संघ आधी हरलेल्या संघाच्या विद्यार्थ्यांसमोर जाऊन उभे राहिले आणि त्यांचे अकादमीगीत झाले, मग सगळे जिंकलेल्यांच्या बाजूला गेले आणि त्यांचे गीत झाले. आपले गीत नंतर गायला मिळणे हाच इथला विजय मानतात. नुकतेच चेंडू गमावून बसलेले ते तरुण प्रतिस्पर्ध्यांच्या खांद्याला खांदा लावून ताठ उभे होते, आणि हजारो लोक एक शब्दही न बोलता ते पाहत होते.

उणिवाही आहेत. सामन्याच्या अधिकृत नावाला २००९ पासून यूएसएए ही कंपनी जोडलेली आहे. ती सैनिक आणि त्यांच्या कुटुंबांना विमा व बँकिंग सेवा देते, त्यामुळे ती अगदी परकी वाटत नाही, तरी तिचे नाव इतक्या वेळा कानांवर पडते की कंटाळा येतो. गणवेशांचे प्रकरण त्याहून नाजूक आहे. अलीकडे दोन्ही संघ या एका सामन्यासाठी खास गणवेश घालतात. त्या वर्षी आर्मीचा पोशाख दुसऱ्या महायुद्धात उत्तर आफ्रिकेत लढलेल्या पहिल्या आर्मर्ड डिव्हिजनच्या स्मरणार्थ होता, तर नेव्हीचा अंतराळवीर झालेल्या माजी विद्यार्थ्यांच्या सन्मानार्थ. खेळाडूंना त्या तुकडीचा इतिहास शिकवला जातो, ही चांगली गोष्ट. पण तीच जर्सी बाहेर दुकानात किंमतीच्या चिठ्ठीसह टांगलेली असते, आणि एखाद्या लढाईत गेलेल्या माणसांची आठवण दरवर्षी नव्या रंगसंगतीत विक्रीला यावी, हे मला पटत नाही. एक जुनी गोष्टही इथे सांगण्यासारखी आहे. २९ नोव्हेंबर १९४१ च्या सामन्याच्या कार्यक्रमपुस्तिकेत ‘अ‍ॅरिझोना’ या युद्धनौकेचे दिमाखदार छायाचित्र होते, आणि बॉम्बने आजवर एकही युद्धनौका बुडालेली नाही अशा आशयाची ओळ त्याखाली होती. आठच दिवसांनी पर्ल हार्बरवरच्या हल्ल्यात ती नौका हजारांहून अधिक नौसैनिकांसह बुडाली. सैन्याविषयी जाहिरातीच्या भाषेत बोलताना किती जपून बोलावे, हे मला त्या पुस्तिकेइतके दुसऱ्या कशातून जाणवलेले नाही.

आता दुसरा सामना. तिथे सुरुवात चांगली झाली. विद्यापीठाच्या आरओटीसीच्या, म्हणजे शिकता शिकता सैन्यातला अधिकारी होण्याचे प्रशिक्षण देणाऱ्या योजनेच्या, कॅडेट्सनी ध्वज आणले, बँडने सैन्याच्या प्रत्येक शाखेचे गीत वाजवले आणि ज्या त्या शाखेतले माजी सैनिक आपापल्या जागी उभे राहिले. माझ्या पुढच्या रांगेतले एक वृद्ध गृहस्थ काठीच्या आधाराने उठले, तेव्हा आजूबाजूच्या विद्यार्थ्यांनी त्यांना आपणहून हात दिला. राष्ट्रगीताच्या अखेरच्या ओळीला चार विमाने वरून गेली. (ही उड्डाणे वैमानिकांच्या प्रशिक्षणाच्या तासांत धरली जातात आणि आयोजकांना त्यासाठी संरक्षण विभागाकडे रीतसर अर्ज करावा लागतो.) इथवर माझी काहीच तक्रार नव्हती.

दुसऱ्या सत्रात खेळ थांबला असताना एका सार्जंटला पत्नी आणि दोन मुलांसह मैदानाच्या कडेला आणले. उद्घोषकाने त्याच्या परदेशातल्या नेमणुका वाचून दाखवल्या, सगळे स्टेडियम उठून उभे राहिले आणि टाळ्या बराच वेळ चालल्या. टाळ्या अजून थांबल्या नव्हत्या, तो सार्जंट अजून मुलाला कडेवर घेऊन तिथेच उभा होता, आणि मोठ्या पडद्यावर त्याचा चेहरा जाऊन सैन्यभरतीची जाहिरात सुरू झाली. शिष्यवृत्ती, सही केल्यावर मिळणारी रक्कम आणि शेवटी क्यूआर कोड. पार्श्वसंगीत तेच होते. आवाजही तोच. माझ्या शेजारी बसलेल्या पहिल्या वर्षाच्या मुलांनी उभ्याउभ्याच फोन वर केले, त्यातले किती सार्जंटचे छायाचित्र घेत होते आणि किती कोड टिपत होते, हे त्यांचे त्यांनाही सांगता आले नसते. त्या कुटुंबाला आपण एका जाहिरातीची प्रस्तावना होतो, हे आधी सांगितले होते का, असा प्रश्न मला तेव्हा पडला आणि अजूनही पडतो.

बाहेरच्या तंबूबद्दल माझे मत उलट आहे. तिथे पुल-अप्स काढण्याची दांडी होती, ठरावीक संख्या पूर्ण करणाऱ्याला टी-शर्ट मिळत होता आणि त्याआधी एका कार्डावर नाव, जन्मतारीख व फोन नंबर लिहून द्यावा लागत होता. तंबूवर मोठ्या अक्षरांत लिहिलेले होते, गणवेशातला अधिकारी आपण भरतीसाठीच आलो आहोत हे लपवत नव्हता, आणि माझ्या भाचीने विचारलेल्या प्रश्नांना त्याने नीट उत्तरे दिली, ज्यात बांधिलकी एकूण किती वर्षांची असते हेही आले. भरती हे सैन्याचे रास्त काम आहे. १९७३ मध्ये सक्तीची भरती बंद झाल्यापासून अमेरिकेचे सैन्य पूर्णपणे स्वेच्छेने येणाऱ्यांवर चालते, आणि २०२२ च्या आर्थिक वर्षात तर लष्कराला ६०,००० चे उद्दिष्ट असताना सुमारे १५,००० जण कमी पडले होते. अशा वेळी त्यांनी तरुणांची गर्दी असेल तिथे जावे, यात गैर काहीच नाही. माझा आक्षेप फक्त त्या पडद्यावरच्या सांध्याला आहे.

हा आक्षेप माझा एकट्याचा नाही. नोव्हेंबर २०१५ मध्ये अ‍ॅरिझोनाचे सिनेटर जॉन मॅकेन आणि जेफ फ्लेक यांनी एक अहवाल प्रसिद्ध केला. मॅकेन स्वतः अ‍ॅनापोलिसचे पदवीधर आणि व्हिएतनाममध्ये साडेपाच वर्षे युद्धकैदी राहिलेले, त्यामुळे त्यांच्यावर सैन्यविरोधाचा आरोप करण्याची सोय कोणालाही नव्हती. २०१२ ते २०१५ या काळात सैन्यदलांनी क्रीडासंघांशी केलेल्या जाहिरात व विपणन करारांवर सुमारे ५.३ कोटी डॉलर खर्च झाले होते, आणि तपासलेल्या करारांपैकी निम्म्याहून अधिक करारांत ध्वज पसरणे, सैनिकांचा मैदानावर सन्मान किंवा घरी परतलेल्या सैनिकाची कुटुंबाशी अचानक भेट अशा गोष्टींचा समावेश होता. प्रेक्षकांना वाटत होते की संघ हे आपुलकीने करतो आहे. बोभाटा झाल्यावर संरक्षण विभागाने अशा सन्मानांसाठी पैसे मोजण्यास बंदी घातली आणि एनएफएल या व्यावसायिक फुटबॉलच्या लीगने २०१६ मध्ये ७,२३,७३४ डॉलर सरकारला परत केले. जाहिरातीसाठी जागा आणि वेळ विकत घेण्यावर मात्र बंदी नाही. म्हणजे सन्मान आता विनामूल्य असला, तरी त्याला खेटून बसवलेली जाहिरात पैसे देऊन आलेली असू शकते, आणि ही गोष्ट प्रेक्षकाला कोणी सांगत नाही.

कॉलेजांच्या बाबतीत हे अधिक जपून व्हायला हवे, कारण तिथे सैन्य आणि विद्यापीठ यांचे नाते फार जुने आहे. १८६२ च्या मॉरिल कायद्याने सरकारी जमिनीच्या आधारावर जी विद्यापीठे उभी राहिली, त्यांच्या शिक्षणात लष्करी डावपेचांचा विषय घातलेला होता. १९१६ मध्ये आरओटीसी सुरू झाले. भरती अधिकाऱ्यांना आवारात येऊ न देणाऱ्या विद्यापीठांचे केंद्रीय अनुदान रोखण्याची तरतूदही आहे आणि सर्वोच्च न्यायालयाने ती २००६ मध्ये वैध ठरवली. म्हणजे भरती अधिकाऱ्यांना विद्यापीठाची दारे उघडीच आहेत, आणि मानवंदनेच्या आडून आत यावे अशी गरज त्यांना मुळीच नाही.

शिवाय या मैदानांना मानवंदना कशी द्यावी हे कोणी नव्याने शिकवायला नको. इलिनॉय विद्यापीठाचे मेमोरियल स्टेडियम १९२३ मध्ये पहिल्या महायुद्धात गेलेल्या आपल्या माणसांच्या स्मरणार्थ उभे राहिले, आणि त्याच्या दोन्ही बाजूंच्या दगडी स्तंभांवर एकेकाचे नाव कोरलेले आहे. त्यात एक परिचारिकाही आहे. आयोवाचा नाइल किन्निक १९३९ मध्ये कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूला मिळणाऱ्या हाइजमन पुरस्काराचा मानकरी ठरला, व्यावसायिक फुटबॉलकडे न जाता कायदा शिकू लागला, मग नौदलात वैमानिक झाला आणि जून १९४३ मध्ये प्रशिक्षणाच्या उड्डाणात गेला. आयोवाचे स्टेडियम आज त्याच्या नावाने ओळखले जाते, आणि आयोवा ज्या विद्यापीठगटात खेळते त्या बिग टेनच्या सामन्यांत नाणेफेकीसाठी वापरल्या जाणाऱ्या नाण्यावर त्याचा चेहरा असतो. त्या नाण्यावर कोणाचाही क्यूआर कोड नाही.

मराठी कुटुंबांसाठी थोडी व्यावहारिक माहिती. ग्रीनकार्डधारकाला अमेरिकी सैन्यात सैनिक म्हणून भरती होता येते आणि त्यातून नागरिकत्वाचा मार्ग लवकर खुला होतो, अधिकारी होण्यासाठी मात्र सहसा नागरिकत्व आधी लागते. विद्यार्थी व्हिसावर आलेल्यांना भरती होता येत नाही. काही व्हिसाधारकांना वैद्यकीय कौशल्य किंवा भाषाज्ञानाच्या आधारावर घेणारी योजना होती, पण ती २०१६ मध्ये बंद पडली. त्यामुळे भारतातून नुकत्याच आलेल्या मुलाने टी-शर्टसाठी कार्ड भरून देण्यात काही अर्थ नाही. इथे वाढलेल्या मुलांनी जरूर तंबूत जावे, प्रश्न विचारावेत, आरओटीसी आणि थेट भरती यांतला फरक समजून घ्यावा, आणि फोन नंबर घरी बोलून मगच द्यावा.

आर्मी-नेव्ही सामना पाहायचा असेल तर २०२६ चा सामना १२ डिसेंबरला न्यू जर्सीतल्या मेटलाइफ स्टेडियमवर ठरलेला आहे. तिकिटे स्वस्त नसतात. जागा वरच्या मजल्यावरची, पण मैदानाच्या लांब बाजूची घ्यावी, कारण संचलनाची रचना उंचावरूनच कळते. आत फक्त पारदर्शक पिशवी नेता येते, आणि उघड्या स्टेडियममधल्या डिसेंबरच्या संध्याकाळी साधा स्वेटर पुरत नाही, थर्मल आणि हातमोजे हवेतच. गाडी न नेता सिकॉकसवरून सुटणारी रेल्वे घ्यावी, आणि गर्दी टाळण्यासाठी शेवटचा ठोका पडताच उठू नये. दोन्ही गीते झाल्यावर निघाले तरी गाडी मिळते.